रोमन जातं आणि हळकुंड
आईच्या जुन्या पर्समध्ये काल हळकुंड सापडलं आणि त्या रोमन म्युझियममधला गारठा आठवला. माझं लग्न लंडनमधल्या हॅरोच्या रजिस्ट्री ऑफिसात झालं, तेव्हा आईचा व्हिसा वेळेत आला नव्हता. ती आली ती पुढच्या वर्षी, तेव्हा मी तिला तिथलं रोमन म्युझियम दाखवायला नेलं. म्युझियममधली नाणी, दिवे, हाडाच्या केसपिना तिनं भराभर मागं टाकल्या आणि एका दगडी जात्यापाशी थबकली. "अगं, हे तर आपल्यासारखंच!" तिथल्या बाईंनी हसून हात लावायची परवानगी दिली, तशी तिनं पर्समधून माझ्या लग्नासाठी काढून ठेवलेलं हे हळकुंड काढलं. "बस समोर. तुझी हळद दळायची राहिलीय." लोक बघत होते, तरी मी बसले. दोघींनी खुंटा धरून जोर लावला, पण जातं हललंच नाही. वरची तळी खालच्या तळीला सिमेंटनं चिकटवलेली होती. "जाऊ दे," म्हणत आईनं हळकुंड परत पर्समध्ये ठेवलं. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. येत्या शनिवारी माझ्या लेकीचं लग्न आहे. "मम्मा, ब्लेंडरमध्ये टाक ना," ती म्हणाली. मी टाकलं आणि म्हटलं, "ये, झाकणावर हात ठेव. दोघींनी धरायचं असतं."