वरच्यांची वकील

कोरेगावच्या पुढं ओढ्याकाठी मनुबाईंचं रान. नवरा पलटणीत, त्यामुळं उसाला दारं धरण्यापासून म्हशीच्या बाळंतपणापर्यंत सगळं बाईंनी एकटीनं निस्तरलं. जीभ तिखट, मन साफ. वैर म्हणाल तर जगात एकाशीच, ओढ्याच्या वरच्या अंगाच्या लालासाहेबांशी.

लालासाहेबांचं गुऱ्हाळ. गुळाच्या काहिली धुतलेलं चिकट पाणी ओढ्यात सोडायचं तर आधी खालच्याला हाळी द्यायची, ही तिथली जुनी रीत. तेवढ्यात खालचा पाणी भरून घेई, जनावरं बाहेर काढी. पुढं बांधावरून भांडण झालं आणि लालासाहेबांनी हाळीच बंद केली. तेव्हापासून बाईंची म्हैस कितीदा तरी धुण्याआधी होती त्याहून घाण होऊन घरी आली.

लेक शिवांजली वकील झाली, थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभी राहणार म्हटल्यावर बाईंना आभाळ ठेंगणं झालं. दोन देशांचा नदीवरून दावा होता. वरच्या देशातल्या कारखान्यांची घाण खालच्या देशात जात होती. आणि शिवांजली कुणाच्या बाजूनं? वरच्या!

"तुला दुसरा देश न्हाई गावला व्हय?" बाई फोनवर कडाडल्या. "जल्मभर त्या चिकट पान्यानं माजा जीव खाल्ला, आन तू वरच्याचीच वकिली कर!"

"आई, उद्या सुनावणी थेट दाखवतात, बघ तरी," लेक एवढंच म्हणाली.

बातमी कळताच लालासाहेबांना चेव आला. गुऱ्हाळावर मोठा पडदा लावून त्यांनी सारा गाव बोलावला. "पोरगी आपल्या वरच्यांची हाय गड्या!" बाई जाणारच नव्हत्या. पण लेकीचं तोंड बघायचं होतं, मग करता काय? मागं जाऊन बसल्या, तोंडाला पदर लावून.

दुपारी पडद्यावर काळ्या झग्यात शिवांजली उभी राहिली. ती इंग्रजीत बोले, शाळेतले जयराज गुरुजी मराठीत सांगत. कारखान्यांवर किती जणांची पोटं आहेत, पाणी शुद्ध करायचं काम कसं चाललंय, सगळं झालं. लालासाहेब मान डोलवत होते. मग गुरुजी अडखळले.

"ती म्हणतीय, आमच्या, म्हणजे वरच्या देशाला एक चूक मान्य आहे. पाणी सोडण्याआधी खालच्यांना कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही. यापुढं कळवू, अशी सरकारच्या वतीनं हमी देते."

सगळ्या माना लालासाहेबांकडं वळल्या. ते टोपी काढून डोकं खाजवू लागले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पोर काही विसरली नव्हती.

त्या दाव्याचा निकाल लागायला अजून किती वर्षं जातील कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओढ्यात म्हैस धूत होत्या, तेव्हा वरून घोगरा आवाज आला.

"आवं वयनी! पानी सोडतुय! म्हस बाहेर काढा!"

बाईंनी म्हशीच्या पाठीवर आणखी एक घमेलं पाणी ओतलं. शिंगं घासली, शेपटी घासली.

"दमानं घ्या, भावजी!" त्या ओरडल्या. "माजं व्हायचंय अजून!"

आणि वर लालासाहेब खरंच थांबले.