मशीनच्या पोटातल्या पावत्या

सकाळी दाट धुकं, आणि गारठा इतका की डबीतलं तेल थिजून बसलं. मशीनवाल्या मावशीनं डबी काखेत धरून ऊब दिली आणि आडव्या पाडलेल्या शिलाई मशीनच्या पोटात दोन थेंब सोडले. मग टोच्यानं आतल्या पत्र्यावर तारीख कोरली, बाजूला लिहिलं, 'शटल घासलं.' बावीस वर्षांची सवय.

आज तिला करकचेरीत बोलावलं होतं. तिथून पत्र आलेलं: तुमचं दुरुस्तीकाम छंद दिसतो, खोलीचं भाडं, हत्यारं, हा धंद्याचा खर्च धरता येणार नाही.

करणी सुनेची. फॉर्म तिनं भरलेला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात कौतुकानं लिहून बसली, 'सासूबाई आवडीने करतात.'

"आवडीनं तू झोपतेस," मावशी म्हणाली. "मी काम करते."

"मी आपलं चांगलंच लिहिलं होतं हो, आई!"

सुनेला घेऊन मावशी कचेरीत पोचली. अधिकारी बाईंनी विचारलं, "धंदा आहे म्हणता, तर पावत्या?"

"देते की. पण मशीनच्या पोटात."

तेवढ्यात मावशीनं सांगून ठेवलेले चार शिंपी खांद्यावर मशीनं घेऊन दोन जिने चढून आले. पुढचा जाडा शिंपी धापा टाकत म्हणाला, "मावशे, आता माझीच दुरुस्ती कर."

मावशीनं एकेक मशीन टेबलावर आडवं पाडलं. बाईंनी चष्मा चढवला, बॅटरी धरली. तारखा मोजता मोजता एकेचाळीस झाल्या, सगळ्यात जुनी एकोणीस वर्षांपूर्वीची. जाड्या शिंप्याच्या मशीनमध्ये लिहिलं होतं, 'तेल जास्त. सांगून ऐकत नाही.' खाली, दोन वर्षांनंतरच्या तारखेसमोर, 'अजून ऐकत नाही.'

बाईंना हसू आवरेना. जाडा शिंपी कानापर्यंत लाल.

"छंदात कुणी गिऱ्हाइकावर इतकं चिडत नाही," त्या म्हणाल्या. चौघांचे जबाब घेतले, पत्र्यांचे फोटो काढले आणि फायलीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नियमित धंदा. खर्च मान्य.' "आता मात्र कागदावर पावती देत जा, मावशी."

"देईन. पण कागद हरवतो, बाई. पत्रा नाही हरवत."

जिना उतरताना मावशीची मान अशी ताठ, की सुनेला दोन पायऱ्या मागूनच चालावं लागलं.

"पण आई, आवडतं तर तुम्हाला, खरं ना?"

"आवडतं. ते फॉर्मात सांगायचं नसतं."

खोलीवर येऊन मावशीनं जाड्या शिंप्याच्या खांद्यावरचं मशीन उतरवून ठेवून घेतलं, फडकं काढलं आणि जास्तीचं तेल पुसायला बसली.