पगाराच्या खिडकीवर उखाणा

माझा राग कायम नाकावर. त्या रागापायी नगरच्या एका कापडदुकानातली नोकरी मी घालवली. मालकाच्या मेव्हण्याला भर गिऱ्हाइकांत गाढव म्हणालो. होताच तो गाढव. पण दुकान त्याच्या मेव्हण्याचं होतं ना!

वळकटी उचलून पुणतांब्याला घरी आलो. वडील भिक्षुक, गोदावरीच्या घाटावर लोकांची दहाव्याची कार्यं करायचे. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अजून एक नोकरी बघ. तीही टिकली नाही, तर माझ्याबरोबर घाटावर यायचं." लहानपणी त्यांचं पळीपंचपात्र घेऊन मी जायचो, तेव्हा सगळं पाहिलं होतं. कावळा पिंडाला शिवत नाही, माणसं हमसून रडतायत, आणि त्यांच्यापुढे आपण दक्षिणेला हात पसरायचा! छे! विहीर खणायला सांगा, खणीन. पण ते नको.

नशीब की लढाई चालू होती. असं म्हणू नये, पण खरं तेच. मॅट्रिक झालेली पोरं पुण्याच्या लष्करी डेपोत नाहीतर रेशनिंगच्या कचेरीत पळत होती. तिकडे महागाईभत्ता होता आणि डोक्यावर पंखा होता. आमच्या बाजूच्या साखर कारखान्यात पगार कारकून म्हणून कोणी टिकेना. हिशेब येणारा आणि अक्षर बरं असलेला माणूस दिसला, की हेडक्लार्क स्वतः त्याच्या घरी जायचे. अडला हरी! आमच्याकडे आले, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाले, "सोमवारपासून या. तीन महिने उमेदवारी, मग साहेब ठरवतील." माझ्या रागाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

कारखान्याच्या चाळीत राहायला गेलो. हिशेबाचं काम मला सोपं गेलं. घोडं पेंड खायचं ते खिडकीवर. पगार बाजाराच्या दिवशी वाटायचे. माणसानं खिडकीशी यायचं, पितळी बिल्ला दाखवायचा, नाव सांगायचं, अंगठा उठवायचा. माणूस आजारी असला तर बायकोनं बिल्ला आणला तरी चाले. मात्र नाव तिच्याच तोंडून यायला हवं. मागे कोणीतरी सापडलेला बिल्ला नुसता दाखवला आणि भलत्याचाच पगार भलत्यानं नेला होता, तेव्हापासूनचा हा नियम. ज्यानं कोणी तो केला, त्याला एक गोष्ट सुचली नाही. आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. जीव गेला तरी नाही.

उमेदवारीतला शेवटचा पगार होता. साहेब माझ्या पाठीशी खुर्ची टाकून बसले होते. रांग फाटकापर्यंत गेलेली. एवढ्यात एक बाई बिल्ला घेऊन आली. नवरा गव्हाणीवर, म्हणजे ऊस चरकाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, वाढ्यांनी, उसाच्याच हिरव्या शेंड्यांनी, आळे देऊन बांधलेल्या मोळ्या टाकायचा, आता तापानं पडला होता.

"नाव सांगा."

बाईनं पदर पुढे ओढला. "तुमास्नी ठाव हाय की, भाऊसाहेब."

"मला ठाऊक असून चालत नाही. तुम्ही सांगा."

"आता बया! असं कसं नाव घ्यावं?"

मागून एकानं नाव ओरडून सांगितलं. मी त्याला गप्प केलं. बाई हलेना, रांग हलेना. "बाजार उठंल की वो!" म्हणून मागचे कालवा करू लागले. माझं डोकं तापलं. 'नाव घ्यायचं नसेल तर चालत्या व्हा' हे शब्द अगदी ओठावर आले. तोंड उघडलं, आणि बाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. आमची आईही वडिलांचं नाव घ्यायची नाही. घ्यायची ती फक्त हळदीकुंकवाला, बायकांनी फारच गळ घातली तर.

"अहो बाई, मग उखाण्यात घ्या!" मी ओरडलो. ओरडायचं तर होतंच, ते असं झालं.

बाईनं डोळे पुसले, पदर सावरला आणि खणखणीत म्हणाली,

"उसाच्या मोळीला वाढ्याचा आळा..." मग नवऱ्याचं नाव असं ठसक्यात घेतलं म्हणता! "...यांचं नाव घेते, भाऊसाहेब, घोळ टाळा!"

जो हशा उसळला! म्हातारे गडी टाळ्या पिटू लागले. मी अंगठा घेतला, पैसे दिले. मागे आणखी चारदोन बायका होत्या, त्या आपणहून उखाणे जुळवूनच पुढे आल्या.

"हा काय तमाशा?" साहेब मागून कडाडले.

"तमाशा नाही, पगार आहे!" मी मागे न बघताच बोलून गेलो. उचलली जीभ लावली टाळ्याला! हात पैसे मोजत राहिले, पण मनातून मी घाटावर जाऊन बसलो होतो.

खिडकी बंद झाली तेव्हा बाजार भर रंगात होता. साहेब हेडक्लार्कना म्हणाले, "याचं तोंड फार तिखट आहे."

"आहे खरं," हेडक्लार्क म्हणाले. "याच्याआधीचे गोड बोलायचे. गोड बोलत बोलतच डेपोत गेले. आणि बाजार उठायच्या आत पगार आज किती दिवसांनी उरकला, साहेब?"

साहेबांनी बाहेर पाहिलं. "कायम करा," म्हणाले आणि निघून गेले. हुश्श! मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लोटाभर पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून घरी गेलो. वडील घाटावरून नुकतेच आले होते, ओलं धोतर वाळत घालत होते. म्हटलं, "अण्णा, कायम झालो. आता घाटावर यायला नको."

त्यांनी धोतराच्या चुण्या नीट केल्या. आता रागावतात की काय, असं मला वाटलं.

"बरं झालं बाबा," ते म्हणाले. "मला तरी ते कुठं आवडतं? पण आमच्या वेळी घरी नोकरीला बोलवायला कोणी आलं नाही रे."