मुकी बाई

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर आईने एकतीस वर्षं काढली. "नाव सांगा, पत्ता सांगा, वय मात्र खरं सांगा," असं म्हणून ती तापाने फणफणलेल्यालाही हसवायची. ही भाषा तिची नव्हेच, लग्नानंतर शिकलेली आहे, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. माहेरची बोली वेगळी होती. सासूने त्या बोलीची इतकी टर उडवली, की आईने त्या बोलीला कुलूपच घातलं. मुलांच्या कानावरही त्यातला एक शब्द पडू दिला नाही.

सत्तरी उलटली आणि शब्द निसटू लागले. चमच्याचं 'ढवळायचं ते' झालं, मग नुसतं 'ते हे'. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिला आधी गंमत वाटली, मग वैताग आला, मग भीती वाटू लागली. दोन वर्षांत आई नुसतीच माहेरची बोली बोलू लागली, आणि ती समजणारं माहेरचं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं काहींचं. नंतर शिकलेलं आधी जातं." परगावच्या भावाने फोनवर धीर दिला, "तू आहेस ना जवळ!" आणि फोन ठेवला.

एका मंगळवारी आई न्हाणीघरात जमिनीवर बसलेली सापडली. खरचटलेलंसुद्धा नव्हतं. लेकीने धरून उठवलं, तर चार पावलं चाललीही. पण त्या दिवसापासून तिने अंथरूण धरलं आणि एकच शब्द लावून धरला. लेकीने पाणी दिलं, चादर दिली, खिडकी उघडली, लावली. शब्द थांबेना. तिसऱ्या दिवशी लेक ओरडली, "पुरे ना गं आई! डोकं फिरवशील माझं!" आणि धाडकन दार लावून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस आला. पन्नाशीचा, अबोल. स्क्रू पिळता पिळता त्याचा हात थांबला.

"ताई, आत कोण आहे?"

"आई आहे. लक्ष देऊ नका. काहीतरी बडबडत असते."

"बडबड नाही ती. आमची बोली आहे. जळतंय म्हणतायत."

हात पुसून तो आत गेला, पलंगाशी उकिडवा बसला आणि काहीतरी बोलला. आईचा चेहरा असा उजळला, की लेकीला तो ओळखू येईना. आई बोलत सुटली. त्याने मान डोलावली, मग लेकीकडे वळून म्हणाला, "उजव्या मांडीत आग होतेय. पडल्यापासून. लगेच दवाखान्यात न्या."

"आणखी काय म्हणाली? खूप बोलत होती."

तो घुटमळला. "जाऊ द्या ना."

"सांगा."

"म्हणाल्या, इथली बाई मायाळू आहे. सगळं करते. पण मुकी आहे बिचारी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. चार दिवस मोडक्या हाडावर काढलेले. शस्त्रक्रिया झाली, पण आई पुन्हा उठली नाही. लेकीने त्या माणसाकडून चाळीसेक शब्द वहीत लिहून घेतले: दुखतंय का, तहान लागली का, मी आहे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती ते घोकायची. संध्याकाळी खाटेपाशी बसून म्हणून दाखवायची. उच्चार धड जमत नसत. आई छताकडे बघत राहायची.

सहाव्या आठवड्यात एकदा लेक म्हणाली, "मी आहे," आणि आईने मान वळवली. तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि एक लांबलचक वाक्य बोलली. हळू, समजावून सांगितल्यासारखं. लेकीने वही चाळली. त्यातला एकही शब्द वहीत नव्हता. तिने हो हो अशी मान हलवली. आईचं समाधान झालेलं दिसलं, निदान लेकीला तसं वाटलं.

दोन दिवसांनी आई गेली. भाऊ आला, रडला. रात्री जेवताना त्याने विचारलं, "शेवटी काही बोलली का गं?"

"बोलली," लेक म्हणाली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.