अप्पांचा ओटा

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, उभा माणूस बघवत नसे. रस्त्यानं जाणारा कुणी बोलायला थांबला की अप्पांचा हात लगेच ओट्याची फरशी झटकायला लागायचा. "टेका, टेका. उभ्यानं काय बोलता?" मग तो पाथरीहून आलेला पाहुणा असो, नाहीतर भांड्यांना कल्हई करणारा. जुन्या परभणीतल्या आमच्या गल्लीत त्यांना 'ओट्यावरले अप्पा' म्हणत. नवी नवरी होते तेव्हा हा ओटा घराचा की गल्लीचा, हेच मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

तेव्हा गल्लीत सगळी माळवदाची घरं, आणि घराघराला ओटा. अप्पांचं मोंढ्यात सरकी-पेंडीचं दुकान होतं. संध्याकाळी ते घरी आले, पाय धुऊन कपाळाला विभूती लावून बाहेर बसले, की एकेक जण जमायचा. सोयरिकी तिथंच जुळायच्या, भावाभावांची भांडणंही तिथंच मिटायची. "बिगर ओट्याचं घर म्हंजे गोदाम," असं ते म्हणत. नाव त्यांच्या ओट्याचं व्हायचं आणि चहा करून करून कंबर माझी मोडायची, पण ते असो.

गल्लीच्या नळाचा व्हॉल्व्ह नेमका आमच्या दारासमोर होता. लिंबाजी हा नगरपालिकेचा माणूस, भीमनगरात राहणारा. रोज संध्याकाळी लांब लोखंडी चावी घेऊन यायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी बंद करायची वेळ होईपर्यंत विजेच्या खांबापाशी थांबायचा. येलदरी धरणात पाणी किती आलं इथपासून पोरांच्या शाळेपर्यंत अप्पांच्या आणि त्याच्या गप्पा चालायच्या. त्याला चहा आमच्याच कपात. "आपल्यात शिवाशिव न्हाई," असं अप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगत, आणि आम्हा घरच्यांना त्याचा केवढा तोरा!

मग विद्यापीठाच्या नामांतराची दंगल झाली. खेड्यात लिंबाजीच्या बहिणीचं घर जाळलं. तो काही दिवस आला नाही, गल्लीला पाणी नाही. परत आला तेव्हा ओट्यावरच्या मंडळींनी आधी पाण्याचंच विचारलं. बहिणीचं विचारलं ते फक्त अप्पांनी. ऐकून त्यांचे डोळे भरले. त्याला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "आपल्या ओट्यावर तसलं काई न्हाई बघ लिंबाजी. हितं समदे बसतेत."

"बसतेत की," लिंबाजी चावी फिरवत म्हणाला. "मी सोडून."

आवाजात राग नव्हता. पाणी किती वाजता बंद होईल हे सांगावं, तसं सांगितलं. त्या दिवशी अप्पांनी ताट तसंच सारलं. सासूबाईंना म्हणाले, "रोज त्यो माझ्याम्होरं उभा ऱ्हायलाय, अन् मला कधी दिसलंच न्हाई." मी वाढत होते. मलाही कुठं दिसलं होतं?

थोड्या दिवसांनी सगळी मंडळी एका लग्नाला गेलेली. ओट्यावर अप्पा एकटेच. मी चहा घेऊन दारात आले, तर ते गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "लिंबाजी, ये. टेक जरा."

लिंबाजीनंही दोन्हीकडं पाहिलं. म्हणाला, "समदे असताना म्हणा अप्पा. येतो मी."

अप्पांची मान जी खाली गेली, ती पाणी बंद होईपर्यंत वर आली नाही.

म्हणायचं तर दोनच शब्द होते. पण ओटा भरला की अप्पा एकेकाचं तोंड बघत आणि गप्प बसत. कोण उठून जाईल, कोण बाहेर काय बोलेल, धाकट्या लेकीची सोयरीक व्हायची आहे, ती मोडली तर काय, हे सगळं त्यांच्या तोंडावर मला वाचता यायचं. हळूहळू त्यांनी कुणालाच 'टेका' म्हणणं सोडलं. लोक आपले येऊन बसत. धाकटीचं लग्न झालं, तिला पोरं झाली, तरी ते दोन शब्द काही निघाले नाहीत.

तोवर गल्ली बदलली. माळवदं पाडून लोकांनी स्लॅब टाकले, दारांना लोखंडी गेट आली. आमच्याकडंही ह्यांनी आणि दिरांनी ठरवलं, की ओटा फोडून खाली शटरची दुकानं काढायची. आदल्या संध्याकाळी ओटा गच्च भरला होता. लिंबाजीनं व्हॉल्व्ह फिरवला, तसे अप्पा ओट्याच्या खांबाला धरून उठले.

"लिंबाजी," त्यांनी हाक मारली. लिंबाजीनं चावी बाजूला ठेवली.

"आज पाणी जरा जास्त सोड. उद्या बांधकामाला लागंल."

"सोडतो," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं चावी उचलली.

मला अप्पांचा इतका राग आला, की मी कपबशी त्यांच्यापुढं आदळली.

नंतर ते दुकानांच्या वरच्या मजल्यावरच राहिले. खाली व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला, की गॅलरीतून उठून भिंतीकडं तोंड करून पडायचे. म्हातारपण झालं, असं लोक म्हणायचे. म्हातारपण कसलं! ती लाज होती.

विद्यापीठाला नाव लागलं, त्याच वर्षी अप्पा गेले. आमच्यात मयताला बसवतात. ओटा राहिलाच नव्हता, म्हणून दुकानाच्या शटरला टेकवून त्यांना बसवलं, आणि लोकांसाठी रस्त्यावर सतरंज्या घातल्या. लिंबाजी आला. केस पांढरे झालेले, हातात हार. त्यानं अप्पांना हार घातला, हात जोडले आणि कुणाकडंही न बघता पहिल्या सतरंजीवर, अप्पांच्या गुडघ्यापाशी मांडी घालून बसला. सगळी गल्ली बघत होती.

आमचे हे लगबगीनं गेले, वाकले आणि त्याच्या कानाशी कुजबुजले, "लिंबाजीभाऊ, बसा, बसा."

"बसलोच हाय की," लिंबाजी म्हणाला. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.

मी पदर तोंडावर ओढून घेतला. बायकांना वाटलं, सून रडायलीय.