काटकोन्या कॅमेरा घेतो

कामावर त्याला सगळे काटकोन्या म्हणत. गवंडी होता. जेवायला बसला तरी डबा फरशीच्या रेघेला लावून ठेवायचा. कुणाचा पाय लागून डबा हलला, तर आधी डबा सरळ, मग घास. मी गिलाव्याचा माणूस. तो भिंत उभी करायचा, मी ती लिंपायचो. त्यावरून तो मला कायम टोचायचा, "मी बांधतो आणि तू झाकतोस. माझं काम कुणी बघितलंय का कधी?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. त्याच्या जेवढ्या म्हणून भिंती उभ्या आहेत, त्यांच्यावर माझा गिलावा आहे.

आम्ही दोघंही घरी बसलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मागे एकदा तो धापा टाकत माझ्या दारात आला. "चप्पल घाल. आपली भिंत उघडी पडलीय."

बाजारामागच्या बोळातली इमारत. ओल धरली म्हणून बाजूच्या भिंतीचा सगळा गिलावा खरवडून काढला होता. आत त्याच्या विटा. थरावर थर, सांधे अजून घट्ट. सोमवारी नवा गिलावा चढणार होता. काटकोन्या भिंतीसमोर उभा राहिला आणि खालून वरपर्यंत थर मोजत गेला.

"फोटो पाहिजे," शेवटी म्हणाला. "सोमवारच्या आत. पुन्हा ही दिसायची नाही. आणि दुसरी कुठली उघडी पडेल तोवर मी कशाला राहतोय?"

घरी त्याची बायको म्हणाली, "अहो, मुलीचा फोन आहे ना. त्यात काढा."

"दुसऱ्याच्या थापीनं मी एक वीट लावली नाही कधी."

"फोटोला कसली आलीय थापी? भावजी, तुम्ही तरी समजवा."

मी काय समजावणार? माझी थापी मीही कुणाला देत नसे. वहिनींनी आम्हा दोघांकडे एकच नजर टाकली आणि पिशवी दिली. "येताना कोथिंबीर आणा. तेवढं तरी नीट होईल."

शनिवारी आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात. त्याच्या अटी दोनच. खिशाला परवडला पाहिजे आणि खिशात मावला पाहिजे. दुकानदारानं एक छोटा चपटा कॅमेरा काढला.

"सोळा मेगापिक्सेल. पाचपट झूम."

"विटा दिसतील?"

"काका, विटेवरची मुंगी दिसेल."

"मुंगी नको. वीट."

काटकोन्यानं कॅमेरा समोरच्या फळीवर धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "फळीला बाक दिसतोय."

"फळी सरळ आहे हो."

काटकोन्यानं खिशातून दोरा काढला. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि फळीला लावून ताणलं. फळी सरळ होती. "मग हा खोटं बोलतो. दुसरा दाखवा."

दुसराही खोटं बोलला. तिसराही. काउंटरवर खोटारड्यांची रांग लागली. दुकानदारानं घाम पुसला.

"काका, तुम्ही नाक लावून बघताय. छोट्या कॅमेऱ्यात जवळून सगळं मावेल असं धरलं, की कडा वाकतात. मागे जा, मग झूम करा."

"मागे म्हणजे किती?"

"सरळ दिसेपर्यंत."

असं काटकोन्याला सांगायचं नसतं. तो डोळ्यांसमोर कॅमेरा धरून मागे निघाला. दार गेलं, पायरी गेली, फूटपाथ गेला. रस्त्यात एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. "आजोबा, जगायचा कंटाळा आला का?"

"थांब जरा. सरळ होतेय."

दुकानदार दारात येऊन ओरडला, "काका! पैसे!" त्याला वाटलं, कॅमेरा गेला. काटकोन्या समोरच्या सलूनमध्ये शिरला आणि तोंडाला फेस लावून बसलेल्या एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला टेकल्यावरच थांबला. तिथून हाक आली, "झाली!"

तोच घेतला. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला होता, मागे ओरखडा पडला होता, म्हणून स्वस्तात मिळाला. मी ओरखडा दाखवला तर म्हणाला, "पाठीनं फोटो काढायचा नाही." कोथिंबीर दोघंही विसरलो.

रविवारी दुपारी बोळात गेलो. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जसा काही फोटो त्याचाच निघणार होता. आणि तिथे लक्षात आलं, की बोळात मागे जायला जागाच नाही. पाठ लगेच समोरच्या घराला लागायची. भिंत पुन्हा वाकायची. काटकोन्यानं सरळ त्या घराचं दार ठोठावलं. आत स्वयंपाकघर होतं.

"ताई, तुमच्या फ्रिजला टेकायचंय."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यांना बरं आहे ना?"

मी भिंत दाखवली, सगळं सांगितलं. बाई हसल्या. "या. पण मागे पातेलं आहे गरम. त्यात बसाल."

तो फ्रिजला टेकला, झूम केलं, श्वास धरला, दाबलं. मग आम्ही तिघांनी कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर डोकी जुळवली.

कडा सरळ. थर सरळ. पण उन्हं तिरपी होती आणि भिंतीच्या उजव्या भागात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक सावली पडली होती. सावली पडायला काहीतरी पुढे यावं लागतं.

"भिंतीला पोट आलंय," बाई म्हणाल्या.

"कॅमेरा खोटं बोलतोय," काटकोन्या म्हणाला.

बाईंनी शिडी दिली. त्यानं वर चढून खिशातला ओळंबा सोडला. दोरा वरून सरळ आला आणि नेमका तिथे विटेला टेकला. खाली पुन्हा भिंतीपासून सुटला. त्यानं ओळंबा उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा टेकला.

मला ठाऊक होतं. ती भिंत लिंपताना तेवढ्या जागी माल चाटण्यापुरता लागला होता आणि बाकी भिंतीनं घमेल्यामागून घमेली खाल्ली होती. तेव्हाच बोललो होतो. तो म्हणाला होता, "तुझा हात जड आहे." त्यानंतर कैक वर्षं मी जड हाताचा.

काटकोन्या शिडीवरून उतरला. एकदम म्हातारा दिसला. इस्त्रीच्या शर्टानं तोंड पुसलं. मनात म्हटलं, हा आता कॅमेरा परत करतो.

"कॅमेरा चांगला आहे," तो म्हणाला.

"मग आताचा फोटो पुसायचा का?" मी विचारलं.

"कशाला? खरा आहे तो." थोडा वेळ दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जाऊन उभा राहा."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

मी जाऊन त्या सावलीपुढे उभा राहिलो. तो स्वयंपाकघरातून ओरडत होता, "डावीकडे. अजून जरा. खांदा वर. पोट आत घे."

"माझं की भिंतीचं?"

बाई इतक्या हसल्या, की पातेल्यातलं उतू गेलं. त्यानं फोटो काढला.

तो फोटो आता त्याच्या बाहेरच्या खोलीत आहे. चौकट कशी लागली असेल ते सांगायला नको. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे गृहस्थ धड मध्ये नाहीत, धड कडेला नाहीत, असे मध्येच कुठे उभे?

काटकोन्या म्हणतो, "त्याची जागा तीच आहे."

मी आपला चहा पितो.