नळ आलाच समजा!

भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता, तेव्हाचे आम्ही क्रेनवरचे चार जण बसलो, की त्या पुढाऱ्याचे किस्से निघतेच. एक संपला का दुसरा हजर! माणूस दिल्लीत मंत्री झाला, पण हसण्याचं सामान आमच्यासाठी सोडून गेला.

पहिल्यांदा आला तो सायकलवर, युनियनचा माणूस म्हणून. आमच्या नागपूरकडचाच. उन्हानं पार वाळला होता. माझ्या वहिनीनं लोटाभर पाणी देल्लं. घटाघटा पेला.

वहिनी म्हणे, "भाऊ, हे पाणी तलावावरून डोक्यावर आणतो जी. मान गेली माही. या मजुरांच्या कॅम्पात एक नळ पाहिजे."

"वहिनी, नळ आलाच समजा!"

भोळी बाई! त्याच दिवशी हंडे घासून ठेवले तिनं.

*

मग खासदार झाला. मैदानात भाषण सुरू, अन् मधातच शिफ्टचा भोंगा वाजला. सारे उठून गेटाकडे पळाले. हा सेक्रेटरीले म्हणते, "बघा! माझे शब्द ऐकून लोक कसे कामाला धावले!"

वहिनीनं जीप अडवली. पुन्हा तेच, "आलाच समजा!"

*

मंत्री झाल्यावर फर्नेस पाहाले आला. हेल्मेट देल्लं तर टोपी काढाले तयार नाही. शेवटी टोपीवरच हेल्मेट चढवलं. तिकडं लाल लोखंड वाहाले लागलं, इकडं हेल्मेट घसरून नाकावर! बाहेर येऊन पेपरवाल्यांले म्हणे, "काय अद्भुत दृश्य!"

काय पाह्यलं बाप्पा? हेल्मेटचं अस्तर!

*

एकदाचा नळ बसवला. सिमेंटचा खांब, झेंडूचा हार, फोटो. मंत्र्यानं तोटी फिरवली, तर फुस्स! खाली पाइपच नव्हता. वहिनी हंडा घेऊन पहिल्या नंबरवर उभी होती. रिकामाच घेऊन आली अन् घरात बसून रडली. मले असा राग आला होता!

त्या खांबाले मग शेजारीण बकरी बांधे. खांब मजबूत होता, हे मानावं लागते.

*

पुढच्या इलेक्शनात हवा फिरली. साहेब हात जोडून घरोघरी पायी फिरून राहिले. कॅम्पातली लाल धूळ घशात गेली अन् आमच्याच दारात ठसका लागला. डोळ्यांत पाणी, खोकला थांबेना.

दारातून कोणाले तहानलेलं जाऊ न देणारी माझी वहिनी. मागं भरलेला हंडा.

"वहिनी... पाणी..."

तिनं पदर सारखा केला अन् उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

"बसा ना साहेब. पाणी आलंच समजा!"